होमीशेठच्या गाडीच्या वायरी

त्या हिवाळ्यात आमच्या पाड्यावर कुणी घरात झोपत नव्हतं. जमीन हलायची. कधी दिवसा, कधी रात्री, कधी मधले काही दिवस गप्प बसायची आणि माणसं जरा सैल झाली की पुन्हा हलायची. तलासरीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आमचा पाडा. कुठे कुडाच्या भिंती, कुठे विटांच्या, वर कौलं. धक्क्याच्या आधी आवाज यायचा, जमिनीच्या पोटातून काहीतरी जड घरंगळत गेल्यासारखा, आणि मग भांडी वाजायची. आईने फळीवरची भांडी उतरवून जमिनीवर मांडली होती, त्यामुळे घरात पाय कुठे ठेवावा हेच कळत नसे. अंगणात बांबू पुरून वर निळं प्लास्टिक ताणलं होतं, खाली भाताचा पेंढा आणि त्यावर गोधड्या. दव इतकं पडायचं की पहाटे प्लास्टिकवरून पाणी ठिबकायचं आणि पेंढ्याला कुबट वास यायचा. चूल बाहेर, शेळ्या बाहेर, माणसं बाहेर. घर नुसतं समोर उभं. त्याच्याकडे आम्ही परक्याच्या घराकडे बघावं तसं बघायचो.

बाबांनी सगळं आयुष्य हायवेवर ट्रक दुरुस्त करण्यात घालवलं होतं. आवाज आला की ते गोधडीतूनच सांगायचे, "सहा चाकी होता, झोपा." मोठा आला की म्हणायचे, "हा दहा चाकी." आणि एखाद्या वेळी काहीच बोलायचे नाहीत, तेव्हा आई उठून बसायची, कारण न बोलणं म्हणजे ट्रेलर. आम्ही हसायचो. तीन माणसं अंगणात थंडीत कुडकुडत हसतायत, हे आज सांगायला बरं वाटतं. तेव्हा फक्त झोप हवी होती. त्या हिवाळ्यातला थकवा अजून माझ्या हाडांत कुठेतरी आहे. आजही दुपारी वर्गात मुलं पेपर लिहीत असली आणि बाहेरून अवजड गाडी गेली, की माझा हात आपोआप टेबलावर टेकतो.

बाबा जिथे काम करायचे ते गॅरेज हायवेला लागूनच होतं. मालक पंजाबकडचे. एका धक्क्यात मागची भिंत कॉम्प्रेसरवर बसली. भिंत पुन्हा बांधायचं मालकांच्या मनात नव्हतं. त्यांनी सामान ट्रकमध्ये भरलं, बाबांना मिठी मारली आणि गावी निघून गेले. बाबा त्यानंतरही रोज सकाळी अंघोळ करून, तोच ग्रीसचा शर्ट घालून हायवेवर जायचे आणि चहाच्या टपरीवर बसायचे. ओळखीचा ड्रायव्हर थांबला तर रस्त्याकडेला बसून काहीतरी करून द्यायचे. बहुतेक दिवशी कुणी थांबायचं नाही. आई आशागडच्या पुढे एका चिकूच्या वाडीत जायची. चिकू वेचायचे, आकारावर लावायचे, करंड्या भरायच्या. संध्याकाळी तिच्या हातांना चीक लागलेला असायचा आणि तो खोबरेल लावून काढेपर्यंत ती भाताला हात लावायची नाही. जेवण म्हणजे भात, उडदाची डाळ आणि असला तर सुका बोंबील चुलीत भाजून. भाजलेल्या बोंबलाचा वास आला की मला अजूनही ते निळं प्लास्टिक दिसतं.

मी डहाणूच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, हे मी आजही छाती काढून सांगते. लोक विचारतात, जमीन हलत असताना अभ्यास कसा केलास? आईने भात कसा शिजवला, तसा मी अभ्यास केला. करायचा होता, केला.

वाडीचे मालक होमीशेठ. म्हातारे इराणी गृहस्थ, उंच, पाठीत वाकलेले, सदरा कायम पांढरा. माणसांशी मराठी, मधेच गुजराती, बायकोशी नुसती गुजराती आणि कुत्र्याशी इंग्रजी बोलायचे. त्यांच्या बायको दिनूबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसून करंड्या मोजायच्या. एकदा वाडीतला पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा आईने सांगून टाकलं, "माझा माणूस मिस्त्री आहे, त्याला बोलवा." बाबा गेले, पंप चालू केला, आणि परत येताना त्यांचा चेहरा वेगळाच होता. हातपाय न धुताच ते चुलीपुढे बसले.

"त्याच्याकडे एक गाडी आहे," ते म्हणाले.

"कोणाकडे नसते," आई म्हणाली.

"तशी नाही गं. दोनच माणसं बसतात. छप्पर काढता येतं. नाक हे एवढं लांब. इंग्लंडची आहे म्हणे, त्याच्या जवानीतली."

ती रेसची म्हणावी अशी ठेंगणी गाडी चिकू ठेवायच्या जुन्या खोलीत ताडपत्रीखाली उभी होती. मूळचा लाल रंग उडून गेरूसारखा झालेला. लग्नानंतर होमीशेठ दिनूबाईंना याच गाडीतून वाडीत घेऊन आले होते. आता त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि त्या दिवशी बाईंना त्याच गाडीतून गुजरातेत उदवाड्याला, त्यांच्या अग्यारीत, म्हणजे देवळात, न्यायचं त्यांनी मनात घेतलं होतं. गाडीचा मुंबईचा मिस्त्री वारला होता. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा त्यांना धीर नव्हता. पंप चालू झालेला बघून बाबांना म्हणाले होते, "लखू, तू मोटर बी चालू कर. केली तर गेटवरची शेड तुझी. भाडा मागणार नाय. माझा पंप नि टेम्पो बघ, बाकी तुझा धंदा तू कर. नाय जमला तर नाय सांग, मी रागावणार नाय."

ती शेड मी पाहिली होती. पक्की, पत्र्याची, डांबरी रस्त्याला तोंड करून, आत सिमेंटची जमीन. बाबा सोळाव्या वर्षापासून दुसऱ्याच्या गॅरेजात उभे होते. स्वतःचं छप्पर असावं असं ते कधी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी शेठचं हे बोलणं सांगून झाल्यावर ते शेळीच्या गळ्यातली दोरी सोडत-बांधत बसले. आईने मला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं.

एक अडचण होती, आणि ती बाबांनी होमीशेठना सांगितली नव्हती. त्यांनी उभ्या आयुष्यात डिझेलच केलं होतं. ट्रकच्या इंजिनात प्लग नसतात. डिझेल दाबाने पेटतं, त्याला ठिणगी लागत नाही. ही गाडी पेट्रोलची. चार सिलिंडर, चार प्लग, आणि प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवणारी एकेक जाड वायर. पाचवी वायर ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलपासून ठिणगी वाटणाऱ्या टोपीपर्यंत. हे मला मोबाइलवर कळलं. नेट तेव्हा नुकतंच स्वस्त झालं होतं आणि पाड्यावर फक्त चिंचेखाली मिळायचं. मी चिंचेखाली बसून वाचायची आणि बाबांना येऊन सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, ते माहीत आहे." माहीत नसायचं. पण माझे बाबा होते, मी मान डोलवायची.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. बाबांनी टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला, नवी बॅटरी लावली. गाडी चालू झाली, पण अशी की बघवत नव्हती. खोकायची, अंग झाडायची, मधेच एक दम गिळायची. गॅरेजवाले त्याला मिसिंग म्हणतात. खोलीचं दार लोटून आतला उजेड घालवला तेव्हा मला दिसलं. वायरींच्या अंगावर निळ्या ठिणग्या सरपटत होत्या. रबराला उभ्या भेगा पडल्या होत्या, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलं होतं, आणि समुद्राची दमट हवा इतकी वर्षं आत शिरत होती. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच वाटेत उतरून जात होती.

"वायरी बदलायच्या," मी म्हटलं.

"वायरीच ना," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. वायरिंग हे त्यांचं घरचं काम. हायवेवर त्यांच्या बांधणीचं नाव होतं. ट्रकच्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन, घट्ट, सरळ, बोटभर अंतरावर काळ्या टेपचे वेढे, की वरून बघणाऱ्याला काळी काठी वाटावी. राजस्थानचे ड्रायव्हर बॉनेट उघडून म्हणायचे, ही तलासरीच्या लखूची बांधणी. मी हे स्वतः ऐकलेलं आहे.

वायरी घ्यायला आम्ही वापीला गेलो. डहाणूत, तलासरीत असल्या गाडीचं काही मिळणार नव्हतं. दुकानदार गुजराती, गल्ल्यावर बसलेला, तोंडात पान. बाबांनी जुनी वायर पुढे ठेवली. त्याने ती दोन बोटांत धरून हलवली.

"काका, ही म्युझियममधून आणली काय?"

"वायर दाखवा," बाबा म्हणाले.

त्याने तीन प्रकार काढले. एक मीटरवर मिळणारी, आत तांब्याची तार, मापाने कापून टोकं ठोकायची. दुसरी साध्या रबराची, आत तार नाही, कोळशाचा धागा. तिसरा तयार संच, तसाच कोळशाचा, पण वरून सिलिकॉनचं कव्हर, लाल रंगाचं, दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या गाडीसाठी बनवलेला. बाबांचा हात सरळ तांब्याच्या वायरीवर गेला. जाड, जड, आत खरं तांबं. ट्रकच्या माणसाला जाड वायरीवर विश्वास असतो.

"ती नको, बाबा."

"का नको? तांबं आहे. कोळशापेक्षा तांब्यातून करंट बरा जातो, हे मला शाळेत न जाता माहीत आहे."

"बरा जातो तेच नको. त्या मुंबईच्या मिस्त्रीने ठिणगी सोडणारे जुने पॉइंट काढून टोपीखाली इलेक्ट्रॉनिकची डबी बसवलीय. नुसतं तांबं लावलं तर ठिणगीच्या गोंगाटाने ती डबी बिथरते. थोडा अडथळा असलेली वायर लागते तिला."

दुकानदार पान चावायचं थांबला. "पोरगी काय करते?"

"बी.एस्सी.," बाबा म्हणाले. मला अजून तो आवाज आठवतो. माझ्याशी भांडत होते, पण ती अक्षरं उच्चारताना मान ताठ झाली होती.

"मग कॉलेजमधूनच घ्यायची ना वायर," दुकानदार म्हणाला, आणि स्वतःच हसला.

कोळशाच्या दोन्हींतली साधी स्वस्त होती, पण इंजिनाशेजारचा धुराचा पाइप तापून लाल होणार, आणि वाडीची हवा खारी. साधं रबर दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटलं असतं. मी लाल संचावर बोट ठेवलं. बाबांनी त्या वायरी हातात घेऊन लांबी बघितली. आमच्या इंजिनाला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट. कापता येणार नव्हत्या, टोकं कारखान्यातच बसवलेली.

"लांब आहेत," ते म्हणाले.

"लांब चालतील. आखूड चालल्या नसत्या."

"लांब चालतील," दुकानदाराने पण मान हलवली. त्याला दुकान बंद करून जेवायला जायचं होतं.

आम्ही लाल संच घेतला. परतीच्या बसमध्ये बाबा पिशवी मांडीवर धरून झोपले. मान कलंडायची, पिशवी सुटायची नाही. भिलाडच्या पुढे गाडीला खड्ड्यात दणका बसला तेव्हा झोपेतच म्हणाले, "सहा चाकी."

वायरी बसवायला त्यांना जेमतेम सकाळ लागली. प्रत्येक जुनी काढून त्याच जागी नवी, म्हणजे क्रम चुकायला नको. मग उरलेली लांबी. ती चारही वायरींची त्यांनी एकत्र घेतली, सारखी ओढली, शेजारी-शेजारी लावून इंजिनाच्या बाजूने नेली आणि आपल्या पद्धतीने बांधली. काळ्या टेपचे वेढे, बोटभर अंतर, एकही वेढा तिरपा नाही. ते पूर्ण झालं तेव्हा खरंच सुंदर दिसत होतं. होमीशेठ वाकून बघत म्हणाले, "लखू, ही तर इंग्लंडमधून आली तवा बी अशी नव्हती." दिनूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. आई हातातली करंडी ठेवून मागे उभी राहिली. आईला त्या खोलीत यायचं काही काम नव्हतं.

बाबांनी चावी फिरवली. गाडी चालू झाली आणि आधीपेक्षा वाईट झाली. आधी ती खोकत होती, आता ती मारत होती. मागच्या नळीतून बंदुकीसारखा आवाज निघाला, झाडावरचे पक्षी उठले, कुत्रं व्हरांड्याखाली पळालं. दिनूबाईंनी कानांवर हात ठेवले आणि गुजरातीत नवऱ्याला म्हणाल्या, होमी, आपण टॅक्सी करू.  होमीशेठनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "ट्रकवाला माणूस आहेस, तुझा वांक नाय, काय दोष नाय." रागावले असते तर बरं झालं असतं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. घरी येताना टेम्पोत मला एवढंच म्हणाले, "तांब्याची घ्यायला पाहिजे होती."

मी कॉलेजातल्या सरांकडून वायरी तपासायचा मीटर मागून आणला आणि एकेक वायर मोजली. चारही ठीक, पाचवीही ठीक. प्लग ठीक. टोपी ठीक. मी चिंचेखाली बसून वाचत राहिले, डोळे चुरचुरायचे. त्या आठवड्यात जमीन फार हलली आणि कुणाचीच झोप झाली नव्हती. आई करंडी भरता भरता बसल्या जागी डुलकी घ्यायची आणि शेजारची बाई तिच्या वाटचे चिकू गुपचूप लावून टाकायची. वाडीत उदवाड्याचा विषय कुणी काढत नव्हतं. दिवस जवळ आला होता.

मग एका दुपारी असं झालं. मला पुन्हा मोजायला सोपं जावं म्हणून बाबांनी टेप कापून बांधणी सोडली होती. वायरी इंजिनावर अस्ताव्यस्त पडल्या होत्या, एक पाण्याच्या टाकीवर, एक गोणपाटावर. मोजून झाल्यावर त्यांनी बांधायच्या आधी सहज चावी फिरवली. गाडी चालू झाली. नुसती चालू नाही, ती गुरगुरत राहिली, एका लयीत, शिवणयंत्रासारखी.  बाबांनी लगेच बंद केली, जणू चालू ठेवली तर आवाज उडून जाईल. "टोपी नीट बसली नसणार, आता बसली," ते म्हणाले, आणि अतिशय काळजीने, पहिल्यापेक्षाही सुबक, सगळ्या वायरी पुन्हा बांधल्या. चावी फिरवली. धडाड. कुत्रं पुन्हा पळालं.

ते पुन्हा टोपी उघडायला गेले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, बांधू नका."

"काय?"

"बांधल्याने होतंय."

"बांधल्याने? तीस वर्षं बांधतोय मी."

"ट्रकमध्ये. ट्रकला चोवीस व्होल्ट असतात. इथे हजारोंनी आहेत. एका वायरीतून झटका गेला की शेजारच्या वायरीत, न टेकताही, थोडा झटका उठतो. जितक्या जवळून आणि जितक्या लांब शेजारी-शेजारी जातील, तितका जास्त. तिसऱ्याच्या पाठोपाठ चौथ्याची पाळी असते. तिसऱ्याला ठिणगी दिली की चौथा आपली पाळी यायच्या आधीच पेटतोय."

बाबा पान्हा हातात धरून ऐकत होते. "मधे रबर आहे ना."

"रबर असूनही."

"हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे."

"मग वापीला का नाही बोललीस?"

 "परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं," मी म्हटलं. ते खरंच होतं. आम्ही दोघं हसलो, पण बाबा आधी थांबले.

त्यांनी खालमानेने त्या वायरींकडे बघितलं. "म्हणजे अशाच सोडू? लोंबत्या?" त्यांनी एक उचलून पुन्हा टाकली. "शेठ बॉनेट उघडून बघणार. अर्धं काम टाकलं म्हणणार. सुनी, मी आजपर्यंत उघडी वायर सोडून गाडी दिलेली नाही. एक पण नाही." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. नुसता दमलेला होता. गेटवरच्या शेडसाठी त्यांनी इंग्रजी गाडीचं इंजिन शिकून घेतलं, बाईमाणसांसमोर हसं करून घेतलं, आणि आता जे काम त्यांना सगळ्यात चांगलं यायचं तेच करू नको असं मी सांगत होते. मला वाटलं, ते पान्हा खाली ठेवतील आणि घरी जाऊ म्हणतील. तसं म्हटलं असतं तर मीही निघाले असते. इतका कंटाळा आला होता.

ते बाहेर गेले. चिकूच्या करंड्या विणायला आणलेला बांबू भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यातली जुनी, वाळलेली एक कांब घेऊन ते ओट्यावर बसले आणि कोयत्याने कापू लागले.  आईने लांबून बघितलं आणि हातातले चिकू लावत राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन पट्ट्या केल्या, प्रत्येकीला चार खाचा, दोन खाचांच्या मधे चांगलं दोन बोटांचं अंतर. मोठ्या दातांची फणी असावी तशा. ओल धरू नये म्हणून गरम मेणात बुडवून काढल्या. धुराच्या पाइपापासून दूर, इंजिनाच्या थंड बाजूला त्या बसवल्या आणि चार वायरी चार खाचांतून ओवल्या. मधली लांबी मोठ्या सैल वळणाने फिरवली. एकही वायर दुसरीला लागत नव्हती, आणि एकही लोंबत नव्हती.

"चालेल?" त्यांनी मला विचारलं. माझ्या बाबांनी मला कामातलं काही विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"लावून बघा."

गाडी गुरगुरली. त्यांनी ती बराच वेळ चालू ठेवली, वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. ते टायरला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. होमीशेठ सपाता ओढत आले. त्यांनी बॉनेटखाली वाकून बांबूच्या पट्ट्या पाहिल्या, बोटाने एक खाच चाचपली.

"आ शुं छे, लखू?"

"फणी आहे, शेठ," बाबा म्हणाले. डोळे न उघडता.

शेठ हसले. "माझ्या डोस्क्याला उपयोगाची नाय, मोटरला लाव," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता.

उदवाड्याच्या दिवशी सकाळी गाडी निघाली. दोनच माणसांची जागा, त्यामुळे बाबांना बरोबर जाता येत नव्हतं, आणि शेठ म्हणाले होते, "काम दिनू पाछी घरे आवे त्यारे पूरुं." म्हणजे बाई परत घरी पोचतील तेव्हा काम पुरं. दिनूबाईंनी डोक्याला रेशमी रुमाल बांधला होता आणि मांडीवर चंदनाच्या लाकडांची पुडी घेतली होती. गाडी गेटबाहेर पडली, वळली, आवाज दूर गेला. बाबा म्हणाले, "तलासरीला जाऊ."

आम्ही तलासरीला हायवेच्या कडेला, त्यांच्या नेहमीच्या टपरीसमोर बसलो. गुजरातहून येणारं सगळं तिथूनच जातं. ऊन चढलं. ट्रक, कंटेनर, सुरतच्या बसगाड्या, पुन्हा ट्रक. टपरीवाल्याने विचारलं, "लखूभाऊ, आज पोरीला घेऊन बसलात, कुणाची वाट बघता?" बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकाची." मी भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. त्यांनी अर्धी खाल्ली. दुपार झाली आणि मला वाटायला लागलं की गाडी कुठेतरी भिलाडपाशी उभी आहे, म्हातारे दोघं उन्हात बसलेत आणि टॅक्सी शोधतायत. बाबांनाही तेच वाटत असणार. ते येणाऱ्या गाड्यांकडे बघतच नव्हते. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

मग त्यांनी हात वर केला. मला ट्रकशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "पेट्रोल," ते म्हणाले. "चारी बरोबर आहेत." आणि दोन कंटेनरच्या मधून ती ठेंगणी, गेरूच्या रंगाची गाडी बाहेर आली. छप्पर उघडं. दिनूबाई मान मागे टाकून गाढ झोपल्या होत्या, रुमाल गळ्यात घसरलेला. होमीशेठनी आम्हाला बघितलं, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं नाही. बायकोकडे बघत ओठावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काले सवारे आवजे, लखू. शेडनी चावी लई जजे." उद्या सकाळी शेडची चावी.

बाबांनी मान डोलवली. गाडी वाडीकडे वळली. आवाज पूर्ण विरेपर्यंत ते उभे राहिले आणि मग टपरीच्या बाकड्यावर आडवे होऊन भर दुपारी, भर हायवेवर झोपले. मी त्यांना उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चावी मिळाली. जमीन त्यानंतरही हलत राहिली, पण हळूहळू लोक घरात झोपू लागले. शेडमध्ये पहिल्यांदा मोटरसायकली आल्या, मग टेम्पो, मग हायवेवरचे जुने ड्रायव्हर वाट वाकडी करून येऊ लागले. त्याच उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. बाबा वयाच्या पन्नाशीत स्वतःच्या गॅरेजात उभे राहिले, तेही आमच्या घरातले पहिलेच. ते गॅरेज आजही चालू आहे.